आवाज थांबला की हात वर

सलूनच्या खुर्चीत बसून मन मोकळं करायची पद्धत तशी जुनीच. आमच्या ह्यांच्या सलूनमध्ये रोज माणसं येतात, गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतात आणि घरी बायकोला जे सांगत नाहीत ते ह्यांना सांगतात. त्याच खुर्चीत दर सोमवारी सकाळी मी बसायचे. फरक एवढाच की समोर कात्री घेतलेला माणूस नसायचा. आरशाखालच्या फळीवर लेकीनं दिलेला जुना लॅपटॉप असायचा आणि त्यात एक बाई असायची. ती कुठल्या तरी लांबच्या देशात राहायची. माझ्याकडे ऊन नुकतं फरशीवर उतरलेलं असायचं आणि तिच्या मागच्या खिडकीत दिवे लागायला लागलेले असायचे. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे कमी आणि त्या खिडकीकडेच जास्त बघितलं. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ, आणि मध्ये बोटभर जाडीचा पडदा. हे ज्यानं कुणी जमवलं त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

सोमवारी सलून बंद असतं म्हणून ही जागा. घरून बोलायची सोय नव्हती, कारण घरात हे असतात, आणि ह्यांना ऐकू येत नाही अशी जगात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे 'जरा गप्प बसा'.

मी क्रेन चालवायचे. इतकी वर्षं 'चालवते' म्हणत आले, आता 'चालवायचे' म्हणायला जिभेला शिकवतेय. उंच इमारती बांधताना त्यांच्याही डोक्यावर एक पिवळी क्रेन एकच लांब हात पसरून उभी असते ना, ती. लोक खालून मान मोडेपर्यंत बघतात आणि विचारतात, वर खरंच कुणी असतं का. असतं. मी असायचे. काचेच्या छोट्या खोलीत, एका खुर्चीवर, खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर एकेक खटका आणि त्या खटक्यांवर माझे दोन हात. धुक्याच्या दिवशी खालचं शहर नाहीसंच व्हायचं. पांढऱ्या दुधात आपण एकटेच. पक्ष्यांच्या पाठी मी रोज बघितल्या आहेत. खालच्या माणसाला पक्ष्याचं पोट तेवढं माहीत असतं. पाठीवर ऊन पडलं की ती कशी चमकते, हे सांगायला गेलं की लोक 'हो का' म्हणतात आणि विषय बदलतात.

शाळा माझी अर्धीच झाली. क्रेन मी आधी बघून बघून शिकले आणि मग परीक्षा देऊन. साइटवर मला सगळे घार म्हणायचे. तोंडावरही आणि पाठीमागेही, म्हणजे प्रेमानंच.

मग कानानं घात केला. एका सकाळी वर असताना चक्कर आली, साधीसुधी नाही, सगळं जगच कुणी उपडं करावं तशी. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी एक व्यवस्था असते, ती बिघडलीय. औषधानं बरंच आटोक्यात येईल, पण पुन्हा केव्हा उलटेल सांगता येत नाही. 'वर जायचं आता विसरा, जमिनीवर काही भीती नाही,' असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

जमिनीवर काही भीती नाही. डॉक्टरांना काय माहीत.

मी खाली आले आणि त्याच सुमाराला लेकीला मुलगी झाली. पोरगी इतकी बारीक की हे तिला मुंगी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. लेक दातांच्या कारखान्यात कवळ्यांचे साचे करते. हात बारीक कामाचा, जीभ माझ्यासारखी. तिची सुट्टी संपत आली होती. सुट्टी संपल्यावर मुंगीला दिवसभर कुणी सांभाळायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, कारण 'आई आता घरीच आहे की'. हेही म्हणाले, जावईही म्हणाले, आणि जणू पाटीवर लिहून टांगल्यासारखं ते ठरून गेलं.

आणि मी त्या पोरीला एकदाही उचललं नव्हतं.

कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. कधी मला सर्दी झालेली असायची, कधी हात ओले, कधी 'आत्ताच निजलीय, कशाला हलवा'. बाळाच्या घरात आजीला कामं भरपूर असतात. मी कपडे धुतले, घड्या घातल्या, बाटल्या उकळल्या. सगळं केलं, फक्त पोर कडेवर घेतली नाही. ह्यांना वाटलं, किती कामाची आहे आमची ही. लेकीला तसं वाटत नव्हतं. ती बघत होती.

कंपनीनं मला खाली बसवताना काही बैठका देऊ केल्या होत्या. आयुष्यात मोठा बदल झालेल्या माणसानं समुपदेशकाशी बोलावं, तेही घरबसल्या, लॅपटॉपवर. लेकीनंच अर्ज भरून टाकला.

"बोलायला माणूस लागतंय तर मी काय मेलोय?" हे म्हणाले.

"अहो, तुम्ही बोलता. मला ऐकणारं माणूस हवंय."

"मी दिवसभर ऐकतोच. धंदाच आहे माझा."

"तुमच्या हातात वस्तरा असतो. त्याला ऐकणं म्हणत नाहीत, त्याला समोरच्याची अडचण म्हणतात."

यावर ह्यांनी सलूनची किल्ली काढून दिली. माणूस मनानं चांगला आहे.

बाईनं पहिल्याच दिवशी मला नावानं हाक मारा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, जमायचं नाही. मॅडम म्हटलेलं तिला आवडेना. ताई म्हणावं तर माझ्या लेकीएवढी दिसायची. शेवटी 'बाई'वर तडजोड झाली. बाई दिसायला साधी होती, केस मागे बांधलेले, आवाज जरा जाड. मोठी तयारी करून बसलीय असं कुठेच वाटायचं नाही. विचारायची अगदी साधं. आज सकाळी उठल्यावर पहिलं काय मनात आलं. घरात सगळ्यात जास्त वेळ कुठल्या खोलीत असता. आणि एवढं विचारून गप्प बसायची.

त्या गप्प बसण्यानंच घोळ केला.

मी बोलायला लागायचे. 'सकाळी उठल्यावर वाटलं की आज मुंगी येणार, आणि मला...' इथवर यायचे. बाई मान हलवायची, काही बोलायची नाही. आणि माझं आतलं सगळं जागच्या जागी थांबायचं. ब्रेक लागल्यासारखं. पुढचा शब्द असायचा, दिसायचासुद्धा, हूकला लटकलेल्या पिंपासारखा. पण तो खाली यायचा नाही. मी थांबले की बाई आणखी गप्प. ती गप्प म्हणून मी आणखी थांबलेली. अशा आम्ही दोघी, एक उजेडात आणि एक दिव्यांच्या खिडकीपुढे, एकमेकींकडे बघत बसायचो. मला वाटायचं, हिला पुढचं ऐकायचं नाहीये. 'बस' म्हणतेय ती मला. मग मी हवापाण्याचं बोलायचे आणि वेळ संपायची.

असे काही सोमवार गेले. लेक फोनवर विचारायची, "काय म्हणते तुझी बाई?"

"छान आहे. गप्प असते."

"तू?"

"मीही."

"म्हणजे फोटो लावून बसलात तरी चालेल," लेक म्हणाली. मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "आई, तुला मुंगीला सांभाळायचं नसेल तर आत्ताच सांग. मी दुसरी सोय बघते. पण ते तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी म्हटलं, भाजी करपतेय, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी मी ठरवून गेले होते की आज सांगायचंच. लेकीनं दिवस ठरवला होता. पुढच्या आठवड्यात ती कामावर जाणार, आणि त्याआधी मी हो किंवा नाही काहीतरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं तर का ते सांगायला हवं, आणि न सांगता नाही म्हटलं असतं तर लेक मला पुन्हा आई म्हणाली असती, पण पूर्वीसारखी नाही. हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी खुर्ची पायानं दाबून दाबून जेवढी वर जाते तेवढी वर केली. तशी केल्याशिवाय मला बसल्यासारखं वाटायचंच नाही.

"बाई, आज मी सांगणार आहे," मी म्हटलं. "मला मुंगीला..."

बाईनं मान हलवली. आणि गप्प बसली.

आणि मी थांबले.

या वेळी मात्र बाईची नजर माझ्या तोंडावर नव्हती. ती माझ्या बाजूला कुठेतरी बघत होती. आमच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाला कानामागचं नीट दिसावं म्हणून शेजारच्या भिंतीलाही एक उभा आरसा आहे. लॅपटॉपच्या डोळ्यात माझं तोंड यायचं, आणि त्या आरशात मी अख्खी, बाजूनं, खुर्चीसकट.

"एक विचारू?" बाई म्हणाली. "मी गप्प झाले की तुमचे हात वर का जातात?"

"कुठे?"

"आत्ता. आरशात बघा."

मी मान वळवून बघितलं. खुर्चीच्या दोन्ही दांड्यांपासून माझे दोन्ही हात वर उचललेले होते. बोटं पसरलेली, तळवे खाली, दांड्याला कुठेही टेकलेली नाहीत. तसेच हवेत थांबलेले. मला कळलंसुद्धा नव्हतं. स्वतःचेच हात असे चोरून बघायला मिळणं, जणू खिडकीतून दुसऱ्याच्या घरात डोकावावं तसं वाटलं.

"पहिल्या दिवसापासून बघतेय," ती म्हणाली. "आधी मला वाटलं सवय असेल. मग लक्षात आलं की बोलताना हात दांड्यावर असतात, आणि मी थांबले की वर जातात. दरवेळी. आणि हात वर गेले की तुम्हीही थांबता."

मला हसू आलं. मी तिला समजावून सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांत.

क्रेनवाल्याला खालचं सगळं दिसत नाही. भिंतीआड, खड्ड्यात, इमारतीच्या पोटात माल उतरवायचा असतो तेव्हा खाली एक सिग्नलवाला असतो, वॉकीटॉकी घेऊन. तो आपले डोळे. माल हलतोय तोवर त्यानं बोलत राहायचं, एका लयीत, श्वास घेण्यापुरतं थांबायचं तेवढंच. आमच्या सिग्नलवाल्याला सगळे भोपू म्हणायचे. त्याचा आवाज असा की वॉकीटॉकी बंद पडली तरी वरपर्यंत यावा. 'खाली, खाली, खाली, येऊ दे, येऊ दे, हळू, खाली.' आणि आवाज तुटला, कशानंही तुटला, बॅटरी गेली, त्याला ठसका लागला, काहीही झालं, की क्रेनवाल्यानं विचार करायचा नाही. हात सोडायचे. हात सोडले की खटके आपोआप मधोमध येतात, ब्रेक लागतो आणि माल असेल तिथे हवेत थांबतो. शांतता म्हणजे थांबा. आमच्यात हे हाडात भिनवतात, कारण खाली माणसं असतात.

बाई बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "आहे, आहे, मी आहे."

आम्ही दोघी हसलो.

"म्हणजे इतके सोमवार मी तुम्हाला थांबवत होते," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, यांना अजून वेळ हवाय. आम्हाला शिकवतात, समोरच्याला जागा द्या, मध्ये तोंड घालू नका."

"आम्हाला शिकवतात, आवाज तुटला की हात सोडा."

"दोघी आपापल्या जागी शहाण्या."

"हो ना. दोन शहाण्यांनी मिळून माल लटकवून ठेवला."

ती पुढे सरकली. पडद्यात तिचं तोंड जरा मोठं झालं. "मी बोलत राहिले तर चालेल? भोपूसारखं नाही जमायचं मला. पण आवाज तुटू देणार नाही. तुम्ही हात ठेवा, जिथे ठेवत होतात तिथे. आणि येऊ दे. हळू."

मी हात ठेवले.

"येऊ दे," बाई म्हणाली. "हं. येऊ दे. ऐकतेय."

पुढे जे झालं ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय आणि अजून मला त्याचा पत्ता लागत नाही. ती काही शहाणपणाचं बोलत नव्हती. 'हं', 'आहे मी', 'चालू दे', 'मग', एवढंच, एका लयीत. तिच्या खिडकीत रात्र झाली होती, माझ्या पायाशी ऊन होतं, मधे समुद्र, डोंगर, केवढा प्रदेश असेल देव जाणे, आणि एक जाडसर आवाज त्या सगळ्यावरून येऊन माझ्या घशातलं वजन धरून ठेवत होता. मी डोळे मिटले.

मी तिला त्या सकाळचं सांगितलं.

हूकवर काचा होत्या. माणसाहून उंच तावदानं, लोखंडी चौकटीत उभी बांधलेली. ती इमारतीच्या पोटात, मधल्या चौकात उतरवायची होती, आणि तिथे दोन काचकामगार हात वर करून वाट बघत उभे होते. भोपूचा आवाज चालू होता. अर्ध्यावर आले आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग क्षितिजानं कूस बदलली. शहर वर गेलं, आभाळ खाली आलं, आणि सगळं फिरायला लागलं. डोळ्यांना धरायला काही उरलंच नाही. मी डोळे मिटले तर शरीर फिरत होतं, खुर्ची फिरत होती, क्रेन फिरत होती. एकच गोष्ट फिरत नव्हती. भोपूचा आवाज. तो खिळ्यासारखा जागच्या जागी होता. 'खाली, खाली, येऊ दे, हळू, खाली.' मी त्या आवाजाला धरलं. डोळे मिटून त्या आवाजावरून, जसं जिना नसलेल्या माडीवरून कुणी दोरीला धरून उतरावं, तशा त्या काचा मी उतरवल्या. हाताला कळत होतं. केसाएवढं, आणि केसाएवढं. भोपू म्हणाला, 'टेकलं.' मग म्हणाला, 'घारे, लोण्यासारखं ठेवलंस गं आज.'

"हं," बाई म्हणाली. "आहे मी. मग?"

"मग मी सांगितलं की मला चक्कर येतेय, आणि मला दोर बांधून खाली आणलं. डोळे मिटून उतरवलं हे कुणालाच माहीत नाही. आणि बाई, खरं सांगू का, तेव्हा मला भीती वाटली नाही. कुणी विचारलं तर मी म्हणते की घाबरले होते, कारण माणसाला तेच पटतं. पण आत दुसरंच होतं. इतकं सगळं फिरत असताना एक आवाज आणि दोन हात एवढ्यावर जग टिकून राहतं, हे मला दिसलं. तेवढं मोठं मी वरून कधीच काही बघितलं नव्हतं. आणि तेच माझं शेवटचं काम झालं."

"हं. येऊ दे. अजून आहे ना काही?"

होतं. ते काचांपेक्षा जड होतं.

"इस्पितळात लेकीनं मुंगीला माझ्यापुढे धरलं. म्हणाली, घे. खोलीत सगळे गप्प होते, बाळ झोपलंय म्हणून. जावई गप्प, नर्स गप्प, एरवी न थांबणारे आमचे हेसुद्धा गप्प. मी हात पुढे केले, पोरगी माझ्या तळव्यांना टेकली, केवढी उबदार होती. आणि त्या शांततेत माझे हात सुटले. असेच. आत्ता आरशात दिसले तसे. लेकीनं अजून सोडलं नव्हतं म्हणून निभावलं. ती हसली, म्हणाली, आई घाबरलीस काय. मी हसले. पण बाई, क्रेनवर हात सोडला की माल जागच्या जागी थांबतो. ब्रेक धरतो त्याला. बाळाला ब्रेक नसतो हो."

एवढं बोलून मी थांबले. यात आणखी काही नव्हतं. बाईचा आवाज मात्र थांबला नाही. "हं," म्हणाली, "हं," आणि मग अगदी हळू विचारलं, "टेकलं?"

मी डोळे उघडले. हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, पूर्ण टेकलेले, आणि इतके हलके की माझे वाटेनात.

"टेकलं," मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही थोडं साधं बोललो. मला वाटलं होतं ती आता काहीतरी व्यायाम सांगेल, श्वास मोजायला लावेल. तिनं एवढंच विचारलं, "हे लेकीला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगता का?"

"नाही," ती हसून म्हणाली. "मी फक्त खालचं बघते. खटके तुमच्या हातात."

मी सलूनचं शटर खाली ओढलं आणि घरी न जाता तशीच लेकीकडे निघाले. रस्ता रोजचाच होता. भाजीची दुकानं, शाळेची भिंत, थांब्यावर उभी माणसं. वरून ही सगळी मला दाण्यांसारखी दिसायची. आज एकेकाचं तोंड दिसत होतं, आणि प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा तरी आवाज ऐकत चाललाय, कुणी फोनवर, कुणी शेजारच्याचा, कुणी नुसता मनातला, असं वाटत होतं. एवढी माणसं, एवढी ओझी, आणि ती खाली टेकवणारे एवढे आवाज. मी थांब्याशी उभी राहून हे बघत होते तर एका माणसानं विचारलं, "मावशी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय, म्हणून उभी आहे."

लेकीनं दार उघडलं. खांद्यावर मुंगी, दुसऱ्या हातात बाटली, केस बांधलेले होते की सुटलेले ते सांगता येऊ नये असे.

"न कळवता? कुणी गेलं की काय?"

"कुणी नाही गेलं. बस खाली, मला सांगायचंय."

"मला बसायला वेळ असता तर मी अंघोळ केली असती," ती म्हणाली, पण बसली.

मी सगळं सांगितलं, अगदी इस्पितळापासून उलटं, काचांपर्यंत. बाईला सांगताना आलं होतं तसं सुरळीत नाही आलं. मधे मुंगी रडली, मधे दारावर कुणीतरी आलं, मधे लेकीनं दोनदा 'थांब, थांब, म्हणजे काय' केलं. पण आलं. संपल्यावर ती मुंगीची पाठ थोपटत राहिली. माझ्याकडे बघेना.

"मला वाटलं तुला ही आवडली नाही," ती म्हणाली.

"आवडली नाही?"

"तू तिच्याकडे लांबून बघतेस. हात मागे बांधून, पाहुण्यासारखी. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, आईला मुलगा हवा होता की काय."

"गाढव आहेस."

"मग? तू सांगतेस का काही? परक्या बाईला आधी सांगितलंस, मला नंतर."

"नवा दोर घातला की आधी रिकामा हूक उतरवून बघतात," मी म्हटलं. "मग माल लावतात."

"म्हणजे मी माल." तिला हसू आवरेना आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते मुंगीच्या दुपट्याला पुसले. दातांचे साचे करणारी माणसं रडतानाही व्यवहारी असतात. ती उठली, पलंगावरची जाड गादी ओढून जमिनीवर टाकली. "झोप."

"आत्ता?"

"उताणी झोप गं. उभी राहून धरायचं भय वाटतं ना? मग उभी राहू नकोस. जमिनीच्या खाली कुणी पडलंय का आजवर?"

मी झोपले. इतक्या वर्षांत मी जमिनीवर पाठ टेकून वर कधी बघितलंच नव्हतं. छत केवढं लांब होतं. पंखा फिरत होता, आणि मला क्षणभर कानातल्या शिट्टीची चाहूल घ्यावीशी वाटली. शिट्टी नव्हती. लेक वाकली आणि तिनं मुंगीला माझ्या छातीवर पालथं ठेवलं.

वजन आलं. ते असं आलं की जणू आधीपासूनच तिथे होतं आणि मला फक्त सांगायचं राहिलं होतं. ओलसर, दुधाचा वास, आणि आत एक इवलंसं इंजिन टकटक करत चाललेलं. माझे हात गादीवर दोन्हीकडे पसरलेले होते. लेक गुडघ्यांवर बसून बघत होती, काहीही बोलत नव्हती. खोलीत अगदी शांत होतं.

मग मुंगी हलली. तिनं नाक माझ्या गळ्याखाली घासलं, कण्हली, आणि तिची मान थरथरायला लागली. मला वाटलं रडणार. पण ती रडली नाही. तिचं डोकं, तिच्या अख्ख्या अंगाच्या मानानं केवढं तरी मोठं, माझ्या छातीवरून सुटलं आणि वर यायला लागलं. डगमगत, एकदा डावीकडे कलत, एकदा जवळजवळ आपटत, पुन्हा सावरत. कुणी दोर लावला नव्हता. कुणी सांगत नव्हतं. तेवढ्याशा मानेच्या काडीवर ते डोकं वर चढत होतं, आणि लाल झालेल्या त्या तोंडावर असा काही निश्चय होता की मी श्वास रोखला, माझ्या श्वासानं तिचा तोल जाऊ नये म्हणून. आयुष्यभर मी वजनं उचलली. पोलादी तुळया, पाण्याच्या टाक्या, अख्खे जिने. एवढं मोठं काही उचललं जाताना मी कधी बघितलं नव्हतं.

ती थांबली. वर, माझ्या हनुवटीपेक्षाही उंच, डुगडुगत. आणि तिथून तिनं खाली माझ्याकडे बघितलं.

"आई," लेक दबक्या आवाजात म्हणाली, "हे तिनं आत्ता पहिल्यांदा केलंय."

माझे दोन्ही हात गादीवरून उठले होते, ते मला दिसत होते, आणि ते मुंगीच्या पाठीवर जाऊन टेकले. डोकं दमून माझ्या गळ्यावर परत पडलं तरी ते तिथेच होते.

"सोमवारी आणू का?" लेकीनं विचारलं.

"सोमवारी सकाळी मला बाईशी बोलायचं असतं," मी म्हटलं. "ही गादी सलूनमध्ये पाठव. दोघी मिळून बोलू तिच्याशी."